बदलता न येणाऱ्या गोष्टी

लॅपटॉप बिघडला असे आपण सरसकट म्हणतो, पण बहुतेक वेळा त्यातला एखादाच भाग गेलेला असतो आणि बाकीचे सगळे शाबूत असते. माझ्या लॅपटॉपचा मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग ज्यावर जोडलेले असतात ती मुख्य पाटी, गेला. दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञाने मागचे झाकण काढले, मल्टिमीटरची टोके बोर्डवर दोन-चार ठिकाणी टेकवून पाहिली आणि ‘‘बोर्ड शॉर्ट आहे, यावर आता खर्च करू नका,’’ असे स्पष्ट सांगितले. त्याचे म्हणणे मला पटले. दुरुस्तीचा खर्च तशाच चालू यंत्राच्या बाजारभावाच्या निम्म्यावर गेला की दुरुस्तीचा नाद सोडावा, असा माझाही हिशेब आहे. शिवाय शॉर्ट झालेला बोर्ड एकदा सुधारला तरी पुन्हा दगा देणार नाही याची हमी कोणीच देत नाही. मात्र त्याच यंत्रातली एसएसडी, म्हणजे फायली साठवणारी डिस्क, ठणठणीत होती आणि रॅमच्या, म्हणजे चालू कामापुरत्या स्मृतीच्या, दोन्ही पट्ट्या चालू होत्या. त्यामुळे कोणता लॅपटॉप घ्यावा हा प्रश्न माझ्यापुढे अगदी मोकळा उरला नव्हता. हाताशी असलेले हे सुटे भाग ज्यात बसतील आणि ठरवलेल्या रकमेत जे मिळेल, असे यंत्र हवे होते, आणि या दोन अटींनी पुढची बरीच निवड आपोआप सोपी केली.

आधी अर्थातच माहिती वाचवायची होती. एसएसडी काढून ती यूएसबीच्या डबीत बसवली आणि दुसऱ्या संगणकाला जोडली, की फायली समोर येतात. यात विशेष कौशल्य लागत नाही. अडचण येते ती डिस्क कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारी, असेल तर. विंडोजच्या अनेक यंत्रांत बिटलॉकर ही कूटबद्ध करणारी सोय किंवा त्याचाच साधा अवतार मालकाच्या नकळत चालू झालेला असतो, आणि डिस्क दुसऱ्या यंत्राला लावताच ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात साठवलेली सापडते, पण ते खाते कोणते आणि त्याचा पासवर्ड काय, हे यंत्र बंद पडण्याच्या आधीच माहीत असलेले बरे. ज्या यंत्रांत साठवणूक वेगळी नसते, तिच्या चिप मदरबोर्डवरच सोल्डर केलेल्या असतात, तिथे तर बोर्ड गेला की फायलीही त्याच्याबरोबर गेल्या असेच धरून चालावे लागते. बॅकअप असेल तेवढेच आपले. पुढच्या यंत्रात मी काय शोधणार हे मला इथेच कळले. किती भाग वेगळे करता येतात यावर यंत्राची खरी किंमत ठरते, आणि वापरलेले यंत्र घेताना तर हीच गोष्ट सर्वांत आधी पाहायला हवी.

ठरवलेल्या रकमेत नवा कोरा लॅपटॉप मिळतच नव्हता असे नाही. मिळत होता, पण त्या किमतीच्या नव्या यंत्रांत सेलेरॉनच्या वर्गातला कमकुवत प्रोसेसर, बोर्डवर कायमची चिकटलेली ४ जीबी रॅम, एसएसडीऐवजी ६४ जीबीची, तिच्याहून संथ ईएमएमसी साठवणूक आणि जरा बाजूने पाहिले की रंग उलटेपालटे होणारा पडदा, एवढे सगळे एकत्र येते. वॉरंटी असते हे खरे, परंतु पहिल्या दिवसापासून मंद असलेले यंत्र वॉरंटीत वेगवान होत नाही. त्याच पैशात तीन-चार वर्षे एखाद्या कंपनीच्या टेबलावर राहिलेले, मूळचे दुपटी-तिपटीने महाग असलेले यंत्र मिळू शकते. जुने यंत्र वापरात ठेवल्याने ई-कचरा कमी होतो, नव्याच्या निर्मितीला लागणारी खनिजे आणि ऊर्जा वाचते, हे सगळे मला मान्य आहे आणि त्याचे समाधानही वाटते. पण खरे सांगायचे तर निर्णय खिशाने घेतला आणि पर्यावरण त्याला मागाहून येऊन मिळाले.

कंपन्यांच्या वापरातली यंत्रे म्हणजे मुख्यतः लेनोव्होची थिंकपॅड, डेलची लॅटिट्यूड आणि एचपीची एलिटबुक मालिका. थिंकपॅड हे नाव आयबीएमने १९९२ मध्ये बाजारात आणले आणि २००५ मध्ये आयबीएमचा वैयक्तिक संगणकांचा विभाग लेनोव्होने विकत घेतला, तेव्हा ते नावही तिकडे गेले. या तिन्ही मालिकांतली यंत्रे मोठ्या संस्था शेकड्यांनी विकत किंवा भाड्याने घेतात आणि ठरावीक मुदत संपली की एकदमच बाहेर काढतात. त्यामुळे एकाच मॉडेलची असंख्य यंत्रे एका वेळी जुन्या बाजारात येतात, भाव उतरतात, आणि सामान्य खरेदीदाराच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांचे सुटे भाग मुबलक होतात. घरगुती वापराच्या चकचकीत मॉडेलचा कीबोर्ड शोधायला जावे तर त्याच मॉडेलच्या चार उपप्रकारांत चार वेगवेगळे कीबोर्ड निघतात; उलट या यंत्रांचे बिजागरीपासून पंख्यापर्यंत सगळे क्रमांकानिशी उपलब्ध असते. यंत्र बनवणारी कंपनी दुरुस्तीची पुस्तिकाही सर्वांसाठी खुली ठेवते. अजून विकतही न घेतलेल्या यंत्राची शंभराहून अधिक पानांची पुस्तिका, कोणता स्क्रू कुठे आणि कोणती वायर कशाखाली अशा तपशिलांसकट, रात्री वाचत बसणे हा काहीसा विचित्र छंद वाटेल, पण माझ्या मते खरेदीपूर्वी करण्याजोगे यापेक्षा उपयोगी काम दुसरे नाही. विक्रेता पडद्याचा लखलखाट दाखवतो, ती पुस्तिका मात्र रॅमसाठी खाच आहे की नाही ते सांगते.

रॅमच्या खाचेचे हे प्रकरण जरा सविस्तर सांगण्यासारखे आहे. लेनोव्होच्या २०१८ च्या टी४८० या मॉडेलमध्ये रॅमसाठी दोन खाचा आहेत, म्हणजे दोन्ही पट्ट्या आपल्याला काढता-घालता येतात. त्याच वर्षीच्या टी४८०एस या थोड्या सडपातळ भावंडात रॅमचा काही भाग बोर्डवर सोल्डर केलेला आहे आणि खाच एकच आहे. पुढच्या वर्षीच्या टी४९० मध्येही तोच एका खाचेचा प्रकार आला, आणि एक्स१ कार्बनसारख्या अतिशय पातळ यंत्रांत तर सगळीच रॅम बोर्डवर असते. जाहिरातीत या सर्वांचे वर्णन जवळजवळ सारखेच असते: आय५, ८ जीबी, एसएसडी, उत्तम स्थिती. परंतु पहिल्यातले ८ जीबी ही सुरुवात आहे, तर शेवटच्यातले ८ जीबी हा कायमचा निकाल आहे. आज ब्राउझरचे दहा-पंधरा टॅब, एखादी मोठी तक्त्यांची फाइल आणि व्हिडिओ कॉल एवढे एकत्र चालवले तरी ८ जीबी पुरता पुरता थकतात. १६ असले की बरीच वर्षे निर्धास्त राहता येते. माझ्याकडच्या दोन पट्ट्या डीडीआर४ प्रकारच्या होत्या. डीडीआर३, डीडीआर४ आणि डीडीआर५ या पट्ट्यांची खोबण वेगवेगळ्या जागी असते, एकीच्या जागी दुसरी बसतच नाही, त्यामुळे फार जुनी आणि अगदी अलीकडची अशी दोन्ही टोके माझ्या यादीतून एका फटक्यात गळाली.

प्रोसेसरच्या बाबतीत लोक आय३, आय५, आय७ या आकड्यांवर विसंबतात आणि तिथेच फसतात. खरी गोष्ट त्यापुढच्या आकड्यांत असते. आय७-७५००यू हा सातव्या पिढीचा प्रोसेसर आहे आणि त्याला दोनच कोर, म्हणजे हिशेब करणारी केंद्रे, आहेत. आय५-८२५०यू हा आठव्या पिढीचा, नावाने एक पायरी खालचा, पण त्याला चार कोर आहेत. इंटेलने २०१७ च्या उत्तरार्धात लॅपटॉपच्या कमी वीज खाणाऱ्या ‘यू’ मालिकेत कोरांची संख्या अशी दुप्पट केली, आणि म्हणून जुन्या बाजारात सातवी आणि आठवी पिढी यांच्यातले अंतर एका पिढीपेक्षा कितीतरी मोठे आहे. योगायोगाने मायक्रोसॉफ्टनेही रेघ तिथेच ओढली. ऑक्टोबर २०२१ मध्ये आलेल्या विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा व्यवस्था आणि इंटेलच्या बाबतीत, एखाद-दुसरा अपवाद वगळता, आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर लागतो, तर विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यानंतर सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे झपाट्याने स्वस्त झाली यात नवल नाही. त्यांतल्या काहींवर ‘विंडोज ११ सह’ अशी पाटी झळकताना दिसते. अटींना वळसा घालून ते बसवता येते हे खरे आहे, पण पुढची मोठी अद्यतने त्यावर सुरळीत येतीलच याची खात्री धरता येत नाही आणि विक्रेता ते सांगायच्या भानगडीत पडत नाही. विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली वापरणाऱ्याला मात्र हीच यंत्रे पर्वणी आहेत. त्याने सातव्या पिढीचे भक्कम यंत्र घ्यावे, त्यात एसएसडी आणि रॅम भरावी आणि वाचलेले पैसे खिशात ठेवावेत. मला काही कामांसाठी विंडोज लागतेच, म्हणून माझी सुरुवात आठव्या पिढीपासून झाली.

घर बघायला गेलेला जाणता माणूस भिंतींच्या रंगाकडे पाहत नाही, कोपऱ्यातली ओल शोधतो. जुना लॅपटॉप पाहतानाही नजर तशीच हवी. वरच्या झाकणावरचे ओरखडे, तळहात टेकून गुळगुळीत झालेली कड, निघून गेलेला एखादा रबरी पाय, या गोष्टींमुळे किंमत उतरते आणि यंत्राचे काही बिघडत नाही, म्हणून त्या मला मनापासून आवडतात. विक्रेते ‘ए ग्रेड’, ‘बी ग्रेड’ अशी प्रतवारी करतात तीही बहुधा या वरवरच्या रूपाची असते, आतल्या तब्येतीची नव्हे. याउलट तळाच्या स्क्रूंकडे कोणी पाहत नाही. स्क्रूच्या डोक्याची फुली गोल झिजलेली असेल, एखादा स्क्रू नसेलच किंवा दुसऱ्याच रंगाचा असेल, तर ते यंत्र आधी कोणीतरी, आणि बहुधा घाईत, उघडलेले आहे. उघडले म्हणून ते वाईट असे नाही, पण का उघडले हे विचारायला हवे, आणि उत्तर देताना विक्रेता किती अडखळतो तेही पाहायला हवे.

मी जे यंत्र शेवटी घेतले त्याचा मालक सरळ माणूस होता. ‘‘सावकाश बघा, मला घाई नाही. उघडायचं असेल तर उघडून बघा,’’ असे तो स्वतःहून म्हणाला, आणि माझ्या अनुभवात वापरलेली वस्तू विकणाऱ्याच्या तोंडी याहून चांगले वाक्य नसते. झाकण उघडताना मी दोन्ही बाजूंच्या बिजागऱ्यांकडे पाहिले. पडदा मध्यभागी धरून हळूहळू उचलला की दोन्ही कोपरे एकदमच वर यायला हवेत. एक बाजू मागे राहिली किंवा चौकटीच्या सांध्यातून करकर आली, तर बिजागरीची पकड आतल्या प्लॅस्टिकमधून सुटू लागलेली असते, आणि हे दुखणे वाढतच जाते. मग यंत्र टेबलाच्या कडेशी डोळ्यांच्या पातळीत धरून तळाचा पत्रा सपाट आहे ना ते पाहिले आणि टचपॅडवरून बोट फिरवले. टचपॅड मध्येच उंच वाटला किंवा त्याची क्लिक घट्ट झाली असेल, तर खाली बॅटरी फुगलेली असण्याची शक्यता दाट असते, आणि फुगलेली बॅटरी ही घासाघीस करण्याची बाब नव्हे, ती धोक्याची बाब आहे. हवा बाहेर पडण्याच्या जाळीतून टॉर्चचा प्रकाश सोडला तर आत धुळीचा राखाडी थर दिसला. तो साफ करता येतो, म्हणून त्याची मी फक्त नोंद घेतली.

कीबोर्डची परीक्षा मी मराठीतून घेतो, आणि मराठी लिहिणाऱ्या प्रत्येकाने तशीच घ्यावी असे मला वाटते. इंग्रजी टंकणारा माणूस बाजूच्या विरामचिन्हांच्या कळा क्वचितच दाबतो, पण इनस्क्रिप्ट ही मराठी कळांची मांडणी वापरणाऱ्याला अर्धविरामाच्या कळेवर ‘च’, तिच्या शेजारच्या अवतरणचिन्हाच्या कळेवर ‘ट’, चौकटी कंसाच्या कळेवर ‘ड’ आणि तिरप्या रेघेच्या कळेवर ‘य’ लागतो. त्यातली एक जरी कळ अडकत असेल तर इंग्रजीत तिचा पत्ता लागणार नाही, आणि मराठीत मात्र पहिल्याच ओळीत ‘चटणी’ची ‘टणी’ होईल. म्हणून नोटपॅडच्या रिकाम्या पानावर दोन-तीन परिच्छेद सलग लिहून पाहिले, शिफ्ट धरूनही सगळ्या कळा दाबल्या. या यंत्राच्या कळा वापरून चकचकीत झाल्या होत्या, स्पेसबारवर तर अंगठ्याच्या जागी स्पष्ट डाग पडला होता, पण प्रत्येक कळ खाली जाताना आणि वर येताना सारखाच प्रतिसाद देत होती. चकाकी गेलेली बरी असे म्हणणारे म्हणोत. मला त्या चकाकीत कोणीतरी इथे भरपूर लिहिले आणि तरी कीबोर्ड टिकला, एवढाच पुरावा दिसला.

पडद्याबाबत मात्र मी अजिबात तडजोड केली नाही. तत्त्वतः पडदाही बदलता येतो, पण तो महाग पडतो, आणि दिवसभर ज्याच्याकडे पाहायचे तो पहिल्यापासूनच चांगला असावा. या मालिकांतली कित्येक मॉडेल १३६६ × ७६८ आणि १९२० × १०८० अशा दोन्ही पडद्यांसह विकली गेली आहेत, म्हणजे मॉडेलचे नाव तेच आणि पडद्यावरचे बिंदू मात्र एकात सुमारे साडेदहा लाख तर दुसऱ्यात वीस लाखांवर. देवनागरीची जोडाक्षरे वाचताना हा फरक डोळ्यांना लगेच कळतो. त्यातही टीएन प्रकारचा पॅनेल असेल तर जरा वरून-खालून पाहिल्यावर रंग फिके किंवा उलटे पडतात, आयपीएस प्रकारात ते टिकतात. पडदा मागे कलता करून एक पांढरे आणि एक काळे चित्र पूर्ण पडद्यावर लावले की टीएन आहे की आयपीएस, मेलेले बिंदू आहेत का, कडेने प्रकाश झिरपतो का, हे सगळे मिनिटभरात उरकते.

बॅटरी ही माझ्या दृष्टीने वापरून संपणारी वस्तू आहे, आणि ती थकलेली निघाली म्हणजे मला तर भाव कमी करण्याचे निमित्त मिळते. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर पॉवरसीएफजी या आज्ञेला बॅटरीरिपोर्ट हा पर्याय जोडला, की एक अहवाल तयार होतो. त्यात मूळ क्षमता आणि सध्या पूर्ण भरल्यावरची क्षमता असे दोन आकडे मिलिवॉट-तासांत दिलेले असतात. पहिला ४८,००० आणि दुसरा ३१,००० असेल तर बॅटरीत सुमारे ६५ टक्के जीव उरला आहे. लिथियम-आयन बॅटऱ्या साधारण ३०० ते ५०० पूर्ण आवर्तनांनंतर (पूर्ण भरून रिकामी होणे म्हणजे एक आवर्तन) मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येतात, आणि कायम चार्जरला जोडलेले, गरम राहणारे यंत्र तर आवर्तने न होताही बॅटरी म्हातारी करते, त्यामुळे कार्यालयात वर्षानुवर्षे डॉकवर, म्हणजे चार्जर आणि पडद्याला जोडणाऱ्या बैठकीवर, बसलेल्या यंत्राच्या कमी आवर्तनांचे मला फार कौतुक नाही. ‘नवी बॅटरी टाकली आहे’ हे वाक्य ऐकले की मी उलट सावध होतो. ती कोणत्या बनावटीची, कधीची, आणि अहवालातली मूळ क्षमता कारखान्याने सांगितलेल्या आकड्याशी जुळते का, हे पाहावे. हलक्या प्रतीच्या बॅटऱ्या आकडे मोठे सांगतात आणि तासाभरात मान टाकतात.

याउलट एक गोष्ट अशी आहे, की ती आढळली तर किंमत कितीही उतरली तरी यंत्राला हात लावू नये, आणि ती म्हणजे आधीच्या संस्थेचे कुलूप. काही यंत्रांच्या बायॉसला, म्हणजे यंत्र सुरू होताना विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मूळ प्रणालीला, सुपरवायझर पासवर्ड असतो. तो नसलेल्या माणसाला बूटचा क्रम, म्हणजे यंत्र कोणत्या डिस्कवरून सुरू व्हावे ते, बदलता येत नाही, काही वेळा दुसरी प्रणालीही घालता येत नाही, आणि तो काढणे हे सामान्य माणसाच्या आवाक्यातले काम नाही. दुसरा प्रकार दूरस्थ व्यवस्थापनाचा. संस्थेने यंत्र आपल्या यादीत नोंदवलेले असेल तर विंडोज नव्याने बसवून पहिल्यांदा इंटरनेटला जोडताच ‘अमुक संस्थेत स्वागत आहे’ असा फलक येतो आणि त्या संस्थेचे खाते मागितले जाते. ॲपलच्या यंत्रांत ॲक्टिव्हेशन लॉक हेच काम करतो. म्हणून मी बायॉसमध्ये शिरून तिथली एक साधी मांडणी बदलून, जतन करून आणि पुन्हा पूर्ववत करून पाहिली, आणि तिथला अनुक्रमांक तळाच्या चिकटपट्टीवरच्या क्रमांकाशी ताडून पाहिला. तो क्रमांक कारखान्याच्या संकेतस्थळावर टाकला की यंत्र कधी विकले गेले आणि मूळचे भाग कोणते होते हेही कळते. क्रमांक जुळत नसेल तर बोर्ड बदलला आहे किंवा झाकण दुसऱ्याचे आहे. कधी यापेक्षाही वाईट काही असते.

उष्णतेची चाचणी लोक टाळतात, कारण तिला वेळ लागतो. पंधरा-वीस मिनिटे उच्च दर्जाचा व्हिडिओ आणि जोडीला एखादे जड काम असे एकत्र चालवून टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा वेग पाहत राहावे. आय५-८२५०यूचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ आहे आणि तो थोडा वेळ ३.४ पर्यंत जाऊ शकतो. भार पडल्यावर तो वरून खाली येणे स्वाभाविक आहे, पण मूळ वेगाच्याही खाली घसरून तिथेच रेंगाळला तर उष्णता बाहेर पडत नाही किंवा चार्जरचे काहीतरी बिनसले आहे. चार्जरचे हे कारण अनेकांच्या लक्षात येत नाही. डेलच्या कित्येक यंत्रांत चार्जरच्या टोकाला ओळख पटवणारी छोटी चिप असते. बनावट चार्जर लावला किंवा पिनमधली बारीक तार तुटली, की यंत्र चार्जर ओळखत नाही, बॅटरी चार्ज करायचे थांबवते आणि प्रोसेसरचा वेगही आवळून धरते. वापरणारा मात्र यंत्र जुने झाले म्हणून हळहळत बसतो. यूएसबी-सी वरून चार्ज होणारे यंत्र मिळाले तर हा त्रास बराच कमी होतो, कारण पुरेशा वॅटचा कोणताही चांगला चार्जर त्याला चालतो. मी पाहिलेले यंत्र १.६ च्या थोडे वर स्थिरावले, पंख्याचा आवाज मोठा होता पण खरखर नव्हती. त्याच वेळात प्रत्येक यूएसबी खाचेत पेनड्राइव्ह, हेडफोन, कॅमेरा, झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर वायफाय जोडले जाते का, हे सगळे होऊन गेले.

शेवटी दोन यंत्रे हिशेबात उरली होती. पहिले दुसऱ्यापेक्षा दोन वर्षांनी नवे, पातळ, वजनाला हलके, बॅटरी उत्तम, रूप देखणे. पण रॅम ८ जीबी आणि तीही सगळी सोल्डर केलेली. दुसरे जाड, कडेला घासलेले, बॅटरी ६५ टक्क्यांवर, आत धूळ, आणि रॅमच्या दोन्ही पट्ट्या मोकळेपणाने बदलता येण्याजोग्या. किमतीत फरक फारसा नव्हता. रोज प्रवासात यंत्र खांद्यावर वागवणाऱ्याला मी पहिलेच घे म्हणून सांगितले असते, कारण वजन हीदेखील बदलता न येणारी गोष्ट आहे आणि खांदा तर मुळीच बदलता येत नाही. माझे यंत्र टेबलावरून फारसे हलत नाही, म्हणून मी दुसरे घेतले आणि ठरवलेल्या रकमेचा जो चौथा हिस्सा आधीपासून बाजूला ठेवला होता, तो दुरुस्तीसाठी मोकळा राहिला. वापरलेल्या यंत्रासाठी सगळी रक्कम यंत्रावरच संपवणे मला कधीच पटलेले नाही. पहिल्या महिन्यात काही ना काही निघतेच.

घरी आल्यावर आधीच्या मालकाने ‘फॉरमॅट करून दिले आहे’ असे सांगितले असूनही डिस्क पूर्ण पुसून विंडोज नव्याने बसवले. तो खोटे बोलत होता असे नव्हे, पण दुसऱ्याने बसवलेल्या प्रणालीत काय राहिले आहे हे आपल्याला कळू शकत नाही, आणि बँकेचे व्यवहार ज्यावर करायचे त्या यंत्राबाबत एवढा संशय रास्तच आहे. विंडोजचा परवाना मदरबोर्डशी जोडलेला असल्याने इंटरनेट मिळताच तो आपोआप जागा झाला, वेगळी किल्ली विकत घ्यावी लागली नाही. मग कारखान्याच्या संकेतस्थळावरून बायॉस अद्ययावत केला, पंख्यातली धूळ ब्रशने काढली आणि प्रोसेसरवरची वाळून खडूसारखी झालेली थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता पंख्याकडे वाहून नेणारा लेप, पुसून नवी लावली. त्यानंतर भाराखालचा वेग आधीच्या चाचणीपेक्षा वर राहू लागला आणि पंखाही नेहमीच्या कामात गप्प बसू लागला. बॅटरी अजून तीच आहे. सेटिंगमध्ये चार्जची कमाल मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवली आहे, आणि अहवालातला आकडा निम्म्याच्या खाली गेला की चांगल्या बनावटीची नवी मागवायची असे ठरवले आहे. या मॉडेलला ती बदलायला तळाचे झाकण आणि एक जोडणी एवढेच काढावे लागते, हे पुस्तिकेत आधीच पाहून ठेवले आहे.